तोंडदेखली कामं

माणसांची चित्रं काढून पोट भरणाऱ्याला गिऱ्हाईक मिळावं तर जहांगीर बादशहासारखं. या बादशहाला दख्खनच्या मलिक अंबरनं वर्षानुवर्षं जेरीस आणलं. अंबरनं १६१० साली खडकी गाव वसवलं, त्याचंच पुढं औरंगाबाद झालं आणि आता छत्रपती संभाजीनगर. मोगल फौजा यायच्या, कधी जिंकायच्याही. १६१६ मध्ये तर खडकीची पार धूळधाण करून गेल्या. पण अंबर काही हाती लागेना. तेव्हा जे काम लष्कराला जमत नव्हतं ते बादशहानं चित्रकाराला सांगितलं. अबुल हसननं चित्र काढलं: पृथ्वीच्या गोलावर जहांगीर उभा, गोल बैलाच्या पाठीवर, बैल माशाच्या पाठीवर, आणि समोर भाल्याच्या टोकावर अंबरचं मुंडकं. त्यावर बादशहा नेम धरून बाण सोडतोय. मुंडक्यावर एक घुबडही बसवलंय, ते वरकड. चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात अंबर १६२६ मध्ये म्हातारा होऊन, मुंडकं जागच्या जागी असताना वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. जहांगीर त्याच्या मागोमाग पुढच्या वर्षी गेला.

ऑर्डर म्हणून बघा, किती स्वच्छ काम! गिऱ्हाईक एकच. त्याला काय हवंय ते त्याला पक्कं माहीत. पैसा खजिन्यातून. ज्याचं तोंड काढायचं त्याला विचारायची गरज नाही आणि "आमच्या अंबरमामांचे कान एवढे मोठे नव्हते हो" म्हणायला खडकीहून कुणी येणार नाही.

आम्हाला संभाजीनगरच्या छावणीत असं गिऱ्हाईक मिळत नाही. लोखंडी पुलावरून खाम नदी ओलांडून अलीकडं आलं की सगळा माणूसच बदलतो. रिटायर फौजी, त्यांच्या आठवणीत जगणाऱ्या बायका, कॅन्टोन्मेंटचे जुने ठेकेदार, चर्चला जाणारी कुटुंबं, आणि पडेगाव-मिटमिट्याकडं प्लॉट विकून अचानक भिंती मोठ्या झालेली मंडळी. भिंत मोठी झाली की वडील आठवतात. मग आमच्याकडं येतात.

कला महाविद्यालयातून पदविका घेऊन नुकतीच बाहेर पडलेली पोरं अधूनमधून विचारायला येतात की सर, पोर्ट्रेटची ऑर्डर घ्यायची म्हणजे काय काय बघायचं. कॉलेजात त्यांना शिकवलेलं असतं की चेहऱ्याला प्लेन्स असतात. चेहऱ्याला नातेवाईक असतात, हे कुठल्याच अभ्यासक्रमात नाही.

ऑर्डर द्यायला येतो थोरला मुलगा. पैसे देणार असतो धाकटा, तो हिंजवडीला. ज्यांचं चित्र काढायचं ते वडील सोफ्याच्या कडेला बसलेले असतात, त्यांना कुणी काही विचारत नाही. चित्र पसंत करणार आई. आणि आईनं पसंत केलं तरी त्यावर शेवटचा शिक्का मारायला नेवाशाहून आत्या येणार असते. या आत्यानं भावाला शेवटचं नीट निरखून पाहिलेलं असतं ते त्याच्या मुंजीत. त्यामुळं सत्तरीतल्या माणसाच्या चित्रात तिला तो बटू सापडत नाही आणि ती तुमच्याकडं अशी बघते की तो तुम्हीच पळवला. म्हणून मी पोरांना सांगतो, माप विचारायच्या आधी विचारा की "शेवटी बघणार कोण?" त्या माणसाला पहिल्या दिवशी बोलवा, चहा पाजा, कच्चं रेखाटन त्याच्यासमोर करा. आत्याच्या हातात कोळशाची कांडी देऊन "तुम्हीच दाखवा कान कुठं ते" म्हटलं की निम्मा वाद तिथंच मिटतो.

मग भाव. छावणीत दर गुरुवारी बाजार भरतो, जनावरांचा मोठा. बैलाचा सौदा करणारी जुनी माणसं रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा ठरवतात, वरून चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत. आमचा सौदाही तसाच, फक्त रुमाल नसतो, त्यामुळं चेहरे दिसतात. ठेकेदार मंडळींना फ्लेक्सची सवय. "सर, फ्लेक्सवाला फुटाला वीस रुपये घेतो, आणि त्यात सगळे पदाधिकारी येतात." यावर रागावू नये. त्याला स्क्वेअर फुटाचाच हिशेब कळतो, तर त्याच भाषेत बोलावं. अठराव्या शतकात लंडनमध्ये जोशुआ रेनॉल्ड्ससारखा चित्रकारही नुसतं डोकं, कमरेपर्यंत आणि पायापर्यंत असे चढते दर लावायचा. हातांचे वेगळे पैसे सांगा. दोन हात काढायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात एक अख्खा चेहरा होतो, आणि बोटं बिघडली की हात दाखवून अवलक्षण.

निम्मे पैसे आधी घ्या. इथं भिडेला पडू नका. दौलताबादचा किल्ला काढला आणि एका गिऱ्हाइकानं नाकारला तर दुसरं घेतं, तिसरं घेतं. हॉटेलवाला तर डोळे झाकून घेतो. पण कुणाचे तरी काका नाकारले गेले, तर त्या काकांना दुसरं कोण घेणार? असे काका चित्रकाराच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून वर्षानुवर्षं उभे असतात. पावसाळ्यात त्यांना बुरशी येते आणि ती पुसावीही आपणच लागते.

फोटो हा यापुढचा घोळ. हयात माणूससुद्धा बसायला तयार नसतो. "बसायचं कशाला, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो की." टाकतो ते काय? आधार कार्डावरचा फोटो, म्हणजे गुन्हा कबूल केल्यानंतरचा चेहरा. नाहीतर १९७४ च्या लग्नातला ग्रुप फोटो, त्यात मागून तिसऱ्या रांगेत नखाएवढं डोकं, त्यातही अर्धं एका फेट्यामागं. "तो अर्धा दिसतोय ना, तसाच दुसरा अर्धा." फ्लॅश मारलेला फोटो तर आणखी घातकी. समोरून उजेड आपटला की सावल्या मरतात, सावल्या मेल्या की नाकाचा दांडा नाहीसा होतो, आणि चित्र झाल्यावर लोक म्हणणार, नाक बसलं. सेल्फीत याच्या उलट. मोबाईलची लेन्स रुंद, हात तोकडा, त्यामुळं जे जवळ ते मोठं, आणि चेहऱ्यात सगळ्यात पुढं नाकच असतं. म्हणून मी घरी जातो, माणसाला खिडकीशी तिरपा बसवतो, सकाळचा उजेड एका बाजूनं घेतो आणि चार-पाच पावलं मागं सरून फोटो काढतो. तेवढ्या वेळात त्या घरात कोण कुणाला घाबरतं तेही कळतं. ते पुढं उपयोगी पडतं.

सेल्फीचा दुसरा दगा उजव्या-डाव्याचा. काही फोन चित्र आरशातल्यासारखं उलटं साठवतात. छावणीत हे भलतंच महागात जातं, कारण इथं छातीवर पदकं असतात. स्वतः मिळवलेली पदकं डाव्या छातीवर लावायची. शहीद किंवा दिवंगत फौजीची पदकं त्याचे घरचे लावतात ती उजव्या बाजूला. उलट्या फोटोवरून रंगवलं तर चित्रात माणूस स्वतःचाच वारस होऊन बसतो.

पदकांवरून एक सुभेदारसाहेब सांगितलेच पाहिजेत. चित्र बघायला आले ते कोट घालून, बूट पॉलिश करून, बाईंना बरोबर घेऊन. चित्रापासून दोन पावलांवर थांबले. चेहऱ्याकडं त्यांनी पाहिलंच नाही. खिशातून चष्मा काढला, छातीपाशी वाकले आणि मधून खांद्याकडं एकेक रिबन वाचत गेले. ओठ हलत होते. एका पट्टीवर थांबले, मागं आले, परत गेले. पदकांचा क्रम ठरलेला असतो, मानाचं पदक छातीच्या मध्याकडं, मग उतरत्या क्रमानं बाहेर. सरळ झाले. "ठीक आहे," म्हणाले. परेड पास झाल्याचा माझा आनंद चेहऱ्यावर पोचायच्या आत बाई म्हणाल्या, "छाती ह्यांची आहे. तोंड कुणाचंय?"

सुभेदारसाहेब पहिल्यांदा वर बघायला लागले.

"हे युनिटातलं तोंड आहे," बाई म्हणाल्या. "असं तोंड घेऊन घरात आले असते तर मी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. घरचं काढा."

आता घरचं तोंड म्हणजे काय? मी ब्रश घेतला. डाव्या भुवईचं आतलं टोक केसभर वर नेलं. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला किंचित बर्न्ट सिएना लावून तिथली कडक रेघ बोटानं पुसली. खालच्या ओठाचा उजेड थोडा वाढवला. चार-पाच फटकारे, त्याहून जास्त नाही. बाई खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "हां. आता भाजी आणायला सांगता येईल."

सुभेदारसाहेब मात्र नाराज. बराच वेळ बघून म्हणाले, "हा सुट्टीवर आलेला वाटतो."

शेवटी भुवई बाईंची आणि ओठ साहेबांचे ठेवले. चित्र उत्तम झालं असं आजही सगळे म्हणतात. त्या चेहऱ्यावर एक अवघड भाव आलाय, हुकूम द्यावा की घ्यावा असा. छत्तीस वर्षांच्या संसाराचा एवढा खरा पुरावा दुसऱ्या कुठल्या चित्रात मी पाहिलेला नाही.

माणसाला स्वतःचं चित्र पटत नाही यात त्याचाही दोष नसतो. तो स्वतःला ओळखतो आरशातून, म्हणजे उलटा. भांग ज्या बाजूला आहे असं त्याला जन्मभर वाटलं, त्याच्या दुसऱ्या बाजूला तो चित्रात दिसतो. कुठला डोळा बारीक, तोंड कुठल्या बाजूला झुकतं, सगळं बदलतं. घरच्यांना चित्र हुबेहूब वाटतं आणि मालकाला तोतया. अशा वेळी वाद घालू नये. चित्र उचलून त्याला आरशात दाखवावं. "हां, आता बरोबर दिसतंय," म्हणतो. पुष्कळांनी मग "असंच करून द्या" असंही म्हटलंय.

नाकाबद्दल सगळ्यांचं एकमत असतं की थोडं सरळ हवं. बापाचं नाक सरळ केलं की शेजारी बसलेल्या मुलाचं नाक बेवारशी होतं, हे सांगून बघावं. बहुतेक मुलं तिथं माघार घेतात. रंगाच्या बाबतीत मात्र कुणी माघार घेत नाही. "थोडे उजळ होते हो ते, उन्हानं झालं." मलिक अंबर हबशी. त्याचं एक व्यक्तिचित्र हाशिम नावाच्या चित्रकाराचं आहे, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात. पांढरा जामा, बाजूनं दिसणारा भारदस्त चेहरा, आणि रंग जसा होता तसा, जरासुद्धा पातळ न केलेला. मोगलांनी आपल्या हाडवैऱ्याला त्याचा रंग दिला. आपण सख्ख्या आजोबांना देत नाही. या एका मुद्द्यावर मी गिऱ्हाईक सोडतो. तोंडानं "उजेड वाढवतो" म्हणतो आणि मागची भिंत गडद करतो. चेहरा आपोआप उजळ दिसतो. म्हणजे गिऱ्हाईकही सुटत नाही.

बायकांच्या चित्रात चेहऱ्याला फारसा धोका नसतो, कारण त्याच्याकडं बघायला वेळच नसतो. आधी नथ, मग मंगळसूत्राच्या वाट्या, मग पैठणीच्या पदरावरचे मोर. एका घरी सासूबाई चित्राला बोट लावून सुनेच्या बांगड्या मोजत होत्या. रंग ओला होता. एक बांगडी त्यांच्या बोटाबरोबर गेली आणि एक कमी भरली म्हणून त्यांनी मलाच धरलं. पुरुषांच्या चित्रात हाच त्रास हिमरू शालीचा. इथल्या सत्काराला हिमरू पाहिजेच, आणि खांद्यावरच्या त्या वेलबुट्टीला चेहऱ्याच्या दुप्पट वेळ लागतो. खुद्द राजा रविवर्मा घ्या, बडोद्यापासून म्हैसूरपर्यंत राजेरजवाड्यांची कामं केली, पण मदतीला धाकटा भाऊ राजा राजा वर्मा कायम बरोबर. ज्याला पार्श्वभूमी रंगवणारा भाऊ आहे त्यानं शाल फुकटात द्यावी. बाकीच्यांनी बुट्ट्यांवर पैसे लावावेत.

घाईबद्दल काय सांगू? माणूस गेला की तिसऱ्या दिवशी फोन येतो, "तेराव्याला पाहिजे, ऑइलमध्येच." जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू घट्ट होतं. पातळ थर हाताला सुकायलाच काही दिवस लागतात, जाड थराला काही आठवडे, आणि शेवटचं व्हार्निश तर सहा महिने, वर्ष थांबून द्यावं. तेराव्याला टांगलेल्या ताज्या तैलचित्राला लोक हार घालतात. झेंडूच्या पाकळ्या तिथंच चिकटतात. त्यापेक्षा तेराव्याला फोटो लावा आणि चित्र वर्षश्राद्धाला घ्या, हे मी हात जोडून सांगतो. त्यात चित्रकाराचं एक हित आहेच, वर्षभरात आत्याचा विरोध मावळतो.

सगळ्यात धोक्याची ऑर्डर सत्कार समितीची. वर्गणी काढून, गुपचूप, ऐंशीव्या वाढदिवसाला भेट द्यायचं चित्र. ब्रिटिश खासदारांनी १९५४ साली हेच केलं, फक्त गुपचूप नव्हे. चर्चिलच्या ऐंशीव्या वाढदिवसाला ग्रॅहॅम सदरलँडकडून चित्र काढून घेतलं आणि वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये भर सभेत दिलं. चित्रातला चर्चिल खुर्चीत रुतलेला, थकलेला, चिडलेला. म्हणजे बरोबर होता. सभेत चर्चिलनं ‘आधुनिक कला’ म्हणून त्याची अशी तारीफ केली की लोक हसले. चित्र घरी गेलं, कधीच टांगलं गेलं नाही, आणि पुढं बाईसाहेबांच्या संमतीनं जाळलं गेलं. तिथंही शेवटी बघणारी बाईच होती. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी यावर छान तोड काढलीय. एकाच बालगंधर्वांची दोन चित्रं, एक पुरुषवेषात, एक स्त्रीवेषात. ज्याला जे आवडेल त्यानं त्याच्यासमोर उभं राहावं. पण आमच्या सत्कारमूर्तींच्या बाबतीत हा उपाय सुचवायची माझी तरी हिंमत नाही.

कायदा पोरांना कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं सतरावं कलम म्हणतं की पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून व्यक्तिचित्र काढलं, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक चित्र काढायला सांगणारा. म्हणजे आत्याला उद्या त्याचं कॅलेंडर छापायचं असेल तर थोरल्याला विचारायचं, तुम्हाला नाही. म्हणून एका कागदावर चार ओळी लिहून घ्या. सत्तावन्नाव्या कलमानं चित्रकाराला थोडा मान दिलाय: चित्र आपलं आहे असं सांगता येतं, कुणी मोडतोड करून आपली अब्रू घालवली तर दाद मागता येते. पण त्याच कलमाच्या तळाशी खुलासा आहे की चित्र टांगलंच नाही, किंवा चित्रकाराला पटेल असं टांगलं नाही, तर तो हक्कभंग होत नाही. तो खुलासा लिहिणाऱ्यानं नक्कीच कुणाच्या तरी घरी वॉशिंग मशीनच्या वर टांगलेले आजोबा पाहिलेले असणार.

आणि काम द्यायच्या आधी त्याचा नीट फोटो काढून ठेवा. इथून जवळच अजिंठ्याला रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं १८४४ पासून कंपनी सरकारच्या ऑर्डरीवर लेण्यांतल्या चित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या, उमेदीची वर्षं त्यात घातली. लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळून गेल्या. गिऱ्हाइकाकडं आग लागली तर चित्रकाराला कुणी भरपाई देत नाही, ‘वाईट झालं’ म्हणतात.

सहीचा प्रश्न गिऱ्हाईक सगळ्यात शेवटी काढतं, बाकीचे पैसे खिशातून अर्धे बाहेर आलेले असताना. "सर, ते खाली कोपऱ्यात काय लिहिलंय? वडिलांच्या धोतरावर बरं दिसत नाही. मागून करा ना." अजिंठ्याची भित्तिचित्रं काढणाऱ्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, पण दहाव्या लेण्यात जॉन स्मिथनं २८ एप्रिल १८१९ ला स्वतःचं नाव टाकलंय, ते अजून आहे. त्यानं तिथं एक रेघही रंगवली नव्हती. सही केलेल्याचं तरी काय होतं? सावळाराम हळदणकरांनी १९४५-४६ च्या सुमारास आपल्या मुलीला हातात दिवा देऊन उभं केलं आणि ते प्रसिद्ध चित्र काढलं. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते बघणारे कित्येक जण म्हणतात, वा, रविवर्मा! रविवर्मा १९०६ साली वारले, तेव्हा ती मुलगी जन्मालाही आली नव्हती. मॉडेल घरचं, गिऱ्हाईक नाही, आत्या नाही, तरी नाव दुसऱ्याचं. मी सही धोतराच्या घडीत करतो. जिथं घडी नसेल तिथं पाडतो.

परवा त्या सुभेदारांच्या शेजारचे ठेकेदार आले. दारातूनच म्हणाले, "साहेबांचं तुम्हीच काढलं ना? आमचंही काढा. त्यांच्यापेक्षा एक फूट मोठं." मी कागद पुढं केला, निम्मे पैसे सांगितले, शेवटी बघणार कोण ते विचारलं. सगळं कबूल झालं. जाता जाता उंबऱ्यात थांबून ते म्हणाले, "आम्ही काही फौजेत नव्हतो, सर. पण कोटावर इथं काहीतरी चमकणारं टाका. त्यांच्यापेक्षा एखादं जास्तच."